‘आपण काय करता ?’ : सम्यक वाणीचा एक पाठ

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. गाव कोणते, आडनाव काय आणि आपण काय करता ? पहिले दोन प्रश्न कशासाठी विचारले जातात हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. तिसरा प्रश्न मात्र आपल्याला साधा वाटतो. तो आपण स्वतःही सर्रास विचारतो. विहारात, लग्नात, एस.टी.त, परिचय मेळाव्यात, कुठेही. हा प्रश्न केव्हा विचारावा, कसा विचारावा आणि कशासाठी विचारावा, याचा धम्माच्या आधारे विचार करावा म्हणून हा छोटासा पाठ लिहिला आहे.

१. एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वर्षावासातील रविवार होता. वंदना आटोपल्यावर मागच्या रांगेत बसलेला एक तरुण माझ्या नजरेस पडला. मराठवाड्याकडून आलेला, पिरंगुटजवळ खोली घेऊन राहणारा. नवीन माणसाची विचारपूस करावी एवढाच माझा हेतू होता, असे मी तेव्हा समजत होतो. मी विचारले, “काय करता आपण ?” तो म्हणाला, “कंपनीत आहे, सर.” मी पुढे विचारले, “कोणत्या कंपनीत ?” त्याने हिंजवडीतील एका कंपनीचे नाव घेतले. मला बरे वाटले. मी मोठ्याने म्हणालो, “अरे वा ! म्हणजे इंजिनिअर का ? पर्मनंट आहात ना ?” आजूबाजूच्या चार-पाच जणांनी वळून पाहिले. तो “हो, आहे तिथंच” असे काहीतरी पुटपुटला आणि खीर न घेताच निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या उपासकांकडून पुढे कळले, की तो त्या कंपनीत ठेकेदाराकडून साफसफाईच्या कामावर होता. विहारात का येत नाहीस, असे त्यांनी विचारले तेव्हा तो म्हणाला होता, “गावाकडं जात विचारायचे, इथं कंपनी विचारतात.”

त्याची क्षमा मागावी असे मनात होते. तोपर्यंत ठेका संपून तो चाकणकडे निघून गेला होता. क्षमा मागायची राहून गेली. म्हणून निदान त्या वाक्याचा अर्थ तरी समजून घ्यावा, असे ठरवले.

२. या प्रश्नाचे मूळ

जातिव्यवस्थेत ‘काय करता ?’ आणि ‘कोणत्या जातीचे ?’ हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच. बलुतेदारीत प्रत्येकाचे काम जन्माआधीच ठरलेले होते. लोहाराचा मुलगा लोहार, न्हाव्याचा न्हावी. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आली ती महारकी. वेशीची राखण, सरकारी टपाल, सांगावे पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे. काम सांगितले की जात कळत होती आणि जात कळली की माणसाने किती अंतरावर उभे राहायचे ते ठरत होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या ग्रंथात दाखवून दिले, की जाती म्हणजे केवळ कामांची वाटणी नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच एकमेकांपासून केलेली फाळणी आहे. महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वतने प्रत्यक्षात रद्द होण्यासाठी १९५८ सालचा कायदा यावा लागला. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झालेले होते.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींत असाच एक प्रसंग आहे. १९०१ सालच्या सुमारास ते आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला निघाली. वडील तेव्हा रोखपाल म्हणून नोकरीला होते. मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरली. त्यांना न्यायला कोणी आले नव्हते. अंगावर चांगले कपडे होते, त्यामुळे स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. ‘तुम्ही कोण ?’ या प्रश्नाला बाल भीमरावांनी भाबडेपणाने खरे उत्तर दिले. त्याबरोबर त्या माणसाचा चेहराच पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्टेशनमास्तरचा प्रश्न उर्मट नव्हता. शब्द गोडच होते. जखम झाली ती उत्तरानंतर पालटलेल्या चेहऱ्याने. प्रश्नाचा खरा हेतू उत्तर ऐकल्यावर आपण जसे वागतो त्यावरून कळतो. माझ्या त्या तरुणाने तर उत्तर पुरते दिलेही नाही. माझा चेहरा पालटेल, हे त्याने आधीच ओळखले होते.

३. भगवान बुद्धांना विचारलेला हाच प्रश्न

हा प्रश्न खुद्द तथागतांनाही चुकला नाही. सुत्तनिपातातील दोन प्रसंग आपण पाहू.

पहिला प्रसंग मगध देशातील एकनाळा गावचा. पेरणीचे दिवस होते. कसिभारद्वाज नावाच्या ब्राह्मणाचे पाचशे नांगर चालू होते आणि मजुरांना अन्न वाटले जात होते. भगवान भिक्षेसाठी उभे राहिले. कसिभारद्वाज म्हणाला, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करून खा. आजच्या भाषेत, ‘तुम्ही काय काम करता ?’ असाच तो टोमणा होता. भगवान रागावले नाहीत. मीही शेतीच करतो, असे सांगून त्यांनी श्रद्धेला बियाणे, प्रज्ञेला जू आणि नांगर, वीर्याला म्हणजे उद्योगाला बैल म्हटले. शेतकऱ्याला त्याच्याच कामाच्या भाषेत त्यांनी उत्तर दिले. त्याच्या कामाला कमी लेखले नाही आणि स्वतःच्या कामाबद्दल संकोचही केला नाही.

दुसरा प्रसंग सुंदरिका नदीच्या काठचा. यज्ञ आटोपलेला एक ब्राह्मण उरलेले हव्य कोणाला द्यावे म्हणून पाहत होता. डोक्यावरून चीवर घेऊन बसलेले भगवान त्याला दिसले. त्याने जवळ येऊन जन्म विचारला. भगवानांनी त्याला जन्माऐवजी आचरणाची चौकशी करायला सांगितले. अग्नी कोणत्याही लाकडापासून पेटतो, हा दाखला त्यांनी दिला.

वासेट्ठ सुत्तात तर हा विषय सविस्तर येतो. वनस्पती, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात भेद दिसतात, तसे माणसामाणसांत दिसत नाहीत. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी, दुसऱ्याची चाकरी करतो तो चाकर. काम हे माणसाने हाती घेतलेली गोष्ट आहे, त्याच्या रक्तात मुरलेली नव्हे. काम बदलले की नाव बदलते, माणूस तोच राहतो.

४. विनयातील नियम

आपण भिक्खू नाही, तरीही विनयपिटकातील एक नियम प्रत्येक उपासकाने माहीत करून घेण्यासारखा आहे. पाचित्तिय नियमांमध्ये दुसराच नियम ‘ओमसवाद’ म्हणजे टोचून, पाणउतारा करून बोलण्याविरुद्ध आहे. ज्या गोष्टींवरून माणसाला हिणवले जाते अशा दहा गोष्टी तेथे मोजल्या आहेत. त्यांत जात, नाव आणि गोत्र यांच्या लगेच नंतर काम आणि हुन्नर यांचा क्रम लागतो. त्या काळी लोक कोणते हुन्नर हलके मानत, हेही तेथे नोंदले आहे. बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी. उच्च मानत ते गणना आणि लेखन. म्हणजे आम्हा बँकेतल्या कारकुनांची अडीच हजार वर्षांपूर्वीही चलती होती, असे म्हणायला हरकत नाही !

या नियमाचा गाभा त्यापुढे आहे. अपमान करण्याच्या हेतूने हलके काम सांगितले तरी दोष आणि उच्च काम सांगितले तरी दोष. झाडू मारणाऱ्याला ‘काय साहेब !’ म्हणून हिणवणे हाही पाणउताराच. थट्टेत म्हटले तर दोष लहान, पण दोषच. मात्र हितासाठी, धम्म समजावून देण्यासाठी तोच शब्द उच्चारला तर दोष नाही. म्हणजे विनयाने शब्दाकडे न पाहता शब्दामागच्या चित्ताकडे पाहिले आहे.

या नियमाच्या निमित्ताने भगवानांनी नंदिविसाल बैलाची गोष्ट सांगितली. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाने पैज लावली, की माझा बैल शंभर गाड्या एकटा ओढील. गाड्या जोडल्या आणि त्याने बैलाला लबाड म्हणून हाक दिली. बैल जागचा हलला नाही. ब्राह्मण हजार नाणी हरला. नंतर बैलाने त्याला त्याची चूक दाखवली. दुसऱ्या वेळी ब्राह्मणाने गोड शब्दांत हाक दिली आणि बैलाने शंभर गाड्या ओढल्या. मुळशीच्या भातखाचरात ज्यांनी बैल हाकले आहेत त्यांना ही गोष्ट पटवून देण्याची गरज नाही. एका शब्दाने जनावर अडते, तर माणसाचे काय सांगावे ?

५. लेण्यांमध्ये कोरलेले उत्तर

हा सारा उपदेश प्रत्यक्षात उतरला होता का, याचा पुरावा आपल्या अगदी शेजारी आहे. मावळ तालुक्यातील कार्ले लेण्यातील चैत्यगृह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी तेथे दान दिले त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत आणि नावांबरोबर त्यांची कामेही. धेनुकाकट गावचा सुतार सामी याने दरवाजाचे काम केल्याची नोंद आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचे नावही त्याच लेण्यात आहे. सुताराला आपले काम लपवावेसे वाटले नाही आणि संघालाही ते श्रेष्ठीच्या शेजारी कोरताना कमीपणा वाटला नाही. जुन्नरच्या लेण्यांत बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख सापडतो.

नाशिकच्या लेण्यातील एक लेख तर मला विशेष वाटतो. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. ते ठेवले गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज आणि १,००० वर पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे होते. वर्षाचे व्याज २४० होते आणि हिशेब बरोबर जुळतो. ज्या विणकामाला लोक हलके म्हणत, त्याच विणकरांवर राजाच्या जावयाने संघाच्या ठेवीचा भरवसा ठेवला. काम विचारावे ते असे, विश्वास टाकण्यासाठी.

६. प्रश्नाच्या पाच कसोट्या

अंगुत्तर निकायात सुभाषिताची, म्हणजे चांगल्या वाणीची, पाच लक्षणे सांगितली आहेत. ती योग्य वेळी बोललेली असावी, सत्य असावी, मृदू असावी, हितकारक असावी आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असावी. हीच पाच लक्षणे आपण आपल्या प्रश्नाला लावून पाहू.

(अ) वेळ. पहिल्या भेटीत, चारचौघांत, रांगेत उभे असताना काम विचारू नये. आधी नाव, मग ‘जेवण झाले का, कसे आलात, घरी कोण कोण असते’ एवढे पुरे. ओळख वाढली की माणूस आपले काम आपणहून सांगतो. आमच्या तालुक्यात तर याची विशेष गरज आहे. एके काळी धरणाखाली गावे गेली, पुढे भाताच्या खाचरांवर कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या. भूगावपासून पौडपर्यंत आज खोल्याखोल्यांतून परगावची माणसे राहतात. कोणाचे काम सहा महिन्यांचे, कोणाचे अकरा महिन्यांचे. आज काम आहे आणि उद्याची खात्री नाही, अशा माणसाला हा प्रश्न फार जड जातो.

(आ) सत्य. एक विचारायचे आणि दुसरे जाणून घ्यायचे, हे असत्यच. कामावरून जात काढणे, पगारावरून पत काढणे, मुलीच्या कामावरून तिच्या घरची परिस्थिती काढणे, हे सर्व यात येते. वधू-वर परिचय मेळाव्यात काम विचारणे योग्यच आहे, कारण तेथे हेतू उघड असतो.

(इ) मृदुता. शब्द निवडून वापरावेत. ‘पर्मनंट का ?’, ‘अजून ठेक्यावरच का ?’, ‘एवढे शिकून हेच ?’, ‘नुसत्या घरीच असता का ?’ हे प्रश्न प्रश्न नसून निकाल आहेत. या बाबतीत माझी आणखी एक चूक सांगतो. खाते उघडण्याच्या अर्जावर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. एका वयस्कर बाईंना मी काउंटरवरून विचारले, “काय करता ?” त्या म्हणाल्या, “काय न्हाई.” मी ‘गृहिणी’ असे लिहून टाकले. अंगठा घेताना पाहिले तर हात आवणाच्या चिखलाने भेगाळलेले. पावसाळाभर दुसऱ्यांच्या खाचरात भात लावणाऱ्या बाईने ‘काही नाही’ म्हणावे, हे तिच्या मनात आपणच घातलेले आहे. आता मी विचारतो, “मावशी, कोणकोणती कामं असतात ?” उत्तर लांबलचक येते आणि मावशींची मानही ताठ होते.

(ई) हित. विचारण्याआधी स्वतःला विचारावे, की हे कळून मी यांच्या काय उपयोगी पडणार आहे ? कामगाराला भविष्यनिर्वाह निधीची पावती वाचून दाखवता येईल, मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देता येईल, रिकाम्या हाताला कोठे भरती आहे ते सांगता येईल. असा उपयोग असेल तर जरूर विचारावे. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे आणि शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे भगवानांनी सांगितले आहे. कोणी अशा व्यवसायात अडकला असेल तर त्याला बाहेर काढण्यासाठी विचारणे हेही हितच आहे. पण ते एकांतात.

(उ) मैत्री. उत्तर काहीही आले तरी चेहरा पालटता कामा नये. मसूरच्या स्टेशनमास्तराला जे जमले नाही ते आपल्याला जमले पाहिजे. अधिकारी आहे म्हणून पुढची खुर्ची आणि हमाल आहे म्हणून मागची सतरंजी, हे विहारात चालू नये. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला गेले तेव्हा त्यांनीच भगवानांना विनंती केली, की आमच्या बरोबरच्या उपाली न्हाव्याला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान गळेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला.

७. उत्तर देणाऱ्याचेही कर्तव्य

जबाबदारी विचारणाऱ्यावर अधिक आहे, पण उत्तर देणाऱ्यानेही दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रामाणिक कामाची लाज बाळगू नये आणि मोठ्या कामाचा तोरा मिरवू नये. दीघजाणु सुत्तात भगवानांनी गृहस्थाच्या सुखाची चार साधने सांगितली. त्यांत पहिले साधन म्हणजे आपल्या कामात दक्ष आणि निपुण असणे. तेथे शेती, व्यापार, गोपालन, राजाची चाकरी आणि इतर कोणतेही कौशल्याचे काम एकाच ओळीत मोजले आहे. तोरा मिरवणाऱ्यांना बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे केलेल्या भाषणाची आठवण द्यावीशी वाटते. शिकून नोकरीला लागलेला वर्ग समाजाच्या उपयोगी पडला नाही, ही खंत त्यांनी तेथे जाहीरपणे बोलून दाखवली होती. आपण टेबलामागे बसलो ते कोणाच्या खांद्यावर उभे राहून, हे विसरून चालणार नाही.

समारोप

आपण जात टाकून १९५६ साली धम्मात आलो. जातीची जागा कंपनीच्या नावाने, पदाने आणि पगाराने घेतली तर आपण नुसती पाटी बदलली, घर तेच राहिले, असे होईल. ‘आपण काय करता ?’ हा प्रश्न वाईट नाही. तो माणूस मोजण्यासाठी विचारला तर भिंत उभी राहते आणि माणूस जोडण्यासाठी विचारला तर दार उघडते. आपल्या विहारात पुढच्या रविवारी मागच्या रांगेत कोणी नवीन बसलेला दिसला तर आधी त्याच्या हातात खिरीची वाटी द्या. तो काय करतो ते कळायला पुष्कळ रविवार आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१) मसूर स्टेशनवरील प्रसंगात दोष प्रश्नात होता की उत्तरानंतरच्या वागण्यात ? सकारण सांगा.
२) ‘ओमसवाद’ नियमात उच्च काम सांगूनही दोष का लागतो ? रोजच्या बोलण्यातील एक उदाहरण द्या.
३) गेल्या आठवड्यात आपण कोणाला ‘काय करता ?’ असे विचारले ? त्या प्रश्नाला पाच कसोट्या लावून पाहा.
४) आपल्या विहारात नवीन येणाऱ्याचे स्वागत कसे होते ? त्यात काय बदल करावासा वाटतो ?

नमो बुद्धाय ! जयभीम !